सायकल सांगितली, रस्ता सांगायचा राहिला

गोळी लिहून देताना ती जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर, हे आम्ही डॉक्टर दोनदा सांगतो. व्यायाम लिहून देताना मात्र ‘रोज अर्धा तास चाला’ किंवा ‘सायकल चालवा’ एवढे म्हणायचे आणि पुढच्या रुग्णाला आत बोलवायचे, अशी आमची रीत. सायकल चालवायची कुठे, हे रुग्ण विचारत नाही आणि आम्हीही सांगत नाही. माझ्या या चुकीची किंमत माझ्या एका रुग्णाला मोजावी लागली. आजचा लेख त्यातूनच सुचला आहे.

रुग्ण म्हणजे जिल्हा परिषद शाळेतले एक गुरुजी. वय ४८. पाठीवरचे गळू बरे होईना म्हणून दवाखान्यात आले. तपासले तर उपाशीपोटी साखर १९०, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ ही तपासणी ८.९. वजन ८४ किलो. शाळा घरापासून चार किलोमीटर, पण जाणे-येणे मोटारसायकलने. मेटफॉर्मिन सुरू केले आणि म्हणालो, ‘गुरुजी, सायकल काढा.’ गुरुजी शिस्तीचे. पुढच्याच आठवड्यात गिअरची नवी सायकल घेतली आणि पहाटे साडेपाचला राष्ट्रीय महामार्गावर जाऊ लागले, कारण गुळगुळीत रस्ता तोच. डिसेंबरचे दिवस, बांध्यांवरून उठलेले धुके. सतराव्या दिवशी मागून आलेल्या वाहनाने उडवले. वाहन थांबले नाही. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडले, नागपूरला नेऊन सळई बसवावी लागली. तीन महिने खाटेवर, हालचाल बंद, साखर पहिल्यापेक्षाही वर.

भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा पुढे केला आणि म्हणाल्या, “तुमीच त सांगतली होती सायकल, डॉक्टरसाहेब.” रागाने नाही, सहज म्हणाल्या. तो चहा काही मला घशाखाली उतरला नाही.

आता सायकलचा सल्ला चुकीचा होता का? मुळीच नाही. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात तीस हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा सरासरी साडेचौदा वर्षे पाठपुरावा करून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकलने कामावर जाणाऱ्यांच्या तुलनेत न जाणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण ३९ टक्क्यांनी अधिक आढळले. धूम्रपान, वजन, रक्तदाब, इतर व्यायाम यांचा हिशेब धरूनसुद्धा. इतका गुण देणारी गोळी माझ्या कपाटात नाही. पण कोपनहेगनचा दाखला देताना एक गोष्ट आपण विसरतो. तिथे सायकलला स्वतंत्र रस्ता आहे. आपल्याकडे सायकलवाला आणि चौदा चाकांचा ट्रक एकाच डांबरावर. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. हृदयविकार टाळायला निघालेला माणूस या आकड्यात जाऊन बसला तर त्याच्या घरच्यांना कोपनहेगनचे काय?

दुसरीकडे, घरी बसूनही भागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले साडेतेरा कोटींच्या वर. हे शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे राहिलेले नाही. माझ्या ओपीडीत धानाच्या बांधीत उभा जन्म गेलेल्या बापाचा चाळिशीतला मुलगा साखर घेऊन येतो. बाप पायी चालला, मुलगा गाडीवर बसला. मधल्या काळात जेवणातला भात मात्र तेवढाच राहिला.

मग आपल्या जिल्ह्यात सायकलला स्वतंत्र रस्ता आहे का? गुरुजींच्या घरून परतताना हाच विचार डोक्यात होता. उत्तर शोधायला मला लांब जावे लागले नाही. माझ्या दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून तो दिसत होता. तलावाची पाळ.

आपला जिल्हा तलावांचा जिल्हा, हे आपण शाळेत घोकले. हे तलाव आपोआप झालेले नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी उतार हेरून, मातीचे बांध घालून ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याखालची जमीन, अशी त्या काळची व्यवस्था होती. नवेगावचा मोठा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातल्याचे सांगतात. (नवेगावबांध १९९९ साली नव्या गोंदिया जिल्ह्यात गेले, पण आमच्या पिढीला ते अजून आपलेच वाटते.) पुढे मालगुजार आले. हा मुलूख तेव्हा जुन्या मध्यप्रांतात होता. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चे बोलीत ‘मामा तलाव’ झाले. भाचे आपण, पण मामाकडे फिरकत नाही.

या तलावांची पाळ म्हणजे काय? मातीची आणि मुरमाची, वरून सात-आठ हात रुंद. एका अंगाला पाणी, शिंगाड्याच्या वेली, कमळ, कुठे माजलेले बेशरम, तर दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेल्या बांध्या. पाणी सोडायच्या तुडुमाजवळ दोन-चार ढीवर बांधव जाळे झटकत असतात. वाहनांची वर्दळ नाही, कारण पाळ कुठल्या गावाला जात नाही. पाळीच्या शेवटाला बहुतेक ठिकाणी पांदण लागते, पांदणीतून पुढच्या बोडीची पाळ, तिथून नहराच्या कडेचा मुरमाचा रस्ता. इटियाडोहचे नहर लाखांदूर भागात पसरले आहेत, गोसीखुर्दचे कालवे पवनीकडून निघतात, तुमसरकडे चांदपूरचा तलाव आणि बावनथडीचे कालवे आहेत. साकोलीकडे शिवनीबांध, भंडाऱ्याजवळ रावणवाडीचा तलाव. नहराच्या कडेचा रस्ता पाटबंधाऱ्याच्या माणसांना फिरता यावे म्हणून केलेला असतो. दिवसातून तिथे बैल आणि माणसेच जास्त जातात.

मी स्वतः ५६ वर्षांचा. गुरुजी खाटेवर असतानाच माझी साखर पाहिली तर तीही उंबरठ्यावर निघाली. वडील तलाठी होते, त्यांची काळी हर्क्युलस गोदामात उलटी टांगली होती. ती उतरवली, मिस्त्रीकडून टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर बदलून घेतले आणि सुरुवात केली. घरापासून पाळीपर्यंत गल्लीतून पाचशे मीटर, मग पाळ, पांदण, नहर, एक झुडपी जंगलाचा तुकडा आणि परत. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. पहिल्या दिवशी तासाहून जास्त लागला आणि दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली. आमच्याकडची जमीन सपाट दिसते, पण सायकलवर बसल्याशिवाय तिचे चढउतार कळत नाहीत.

खडीच्या, मुरमाच्या रस्त्याला लोक नाके मुरडतात. डांबर म्हणजे प्रगती, असे आपल्या मनात पक्के बसले आहे. इटलीत टस्कनी नावाचा डोंगराळ, द्राक्षमळ्यांचा प्रदेश आहे. तिथल्या पांढऱ्या खडीच्या गाडीवाटांवर डांबर चढू लागले, तेव्हा त्या तशाच राहाव्यात म्हणून १९९७ साली काही लोकांनी जुन्या सायकली काढून त्या वाटांवर फेरी काढली. ‘लेरोइका’ तिचे नाव. पहिल्या वर्षी ९२ जण होते, आज हजारो येतात. मुरमावर सायकल चालवायला जगभर आता खास जाड टायरच्या सायकली मिळतात आणि त्यांच्या किमती ऐकून आपल्याकडचा शेतकरी बैलजोडीचा हिशेब करू लागेल. आपल्याला त्यांची गरज नाही. आपली जुनी दांडीची सायकल खडबडीत रस्त्यासाठीच जन्मली होती. पोस्टमन, दूधवाला, गुरुजी सगळे तिच्यावरच पांदणीतून फिरले.

वैद्यकीयदृष्ट्या मुरमाचा रस्ता उलट गुणकारी. डांबरावर सायकल घरंगळते, मुरमावर पायडल मारावेच लागते. वेग ताशी दहा-बारा किलोमीटरच्या वर जात नाही, त्यामुळे पडलात तर खरचटण्यावर निभावण्याची शक्यता जास्त. एका तासात साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी खर्च होतात. म्हणजे एक मोठा समोसा. हे सांगितले की रुग्ण खट्टू होतात. पण मधुमेहात सायकलचे महत्त्व कॅलरीत नाही. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू काम करू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. हा परिणाम सायकल ठेवल्यावरही साधारण एक ते दोन दिवस टिकतो. म्हणून रोज जमले नाही तरी चालेल, पण सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका. आठवड्याचा हिशेब किमान १५० मिनिटांचा. किती जोर लावायचा याचे माप सोपे आहे. शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये.

गुडघेदुखीवाले विचारतात, आम्ही चालवावी का? जरूर. चालताना शरीराचा भार गुडघ्यावर येतो, सायकलवर तो सीटवर असतो. फक्त सीटची उंची नीट हवी. आपल्याकडे निम्म्या लोकांची सीट खाली असते, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. त्यामुळे गुडघा पूर्ण उघडत नाही, वाटीवर दाब येतो आणि मग दोष सायकलला. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा, अशी सीट बांधून घ्या. चवड्याने चालवताना मग गुडघ्यात थोडा बाक राहतो, तो योग्य. मुरमावर हवा किंचित कमी ठेवा, दगडाचे धक्के मनगटापर्यंत येत नाहीत. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडलवर फार वाकून भार देत आहात असे समजा.

आता जपण्याच्या गोष्टी. इथे घाईने वाचू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी रिकाम्या पोटी सायकलवर बसू नये. पाळीवर घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती साखर उतरल्याची खूण. ताबडतोब थांबून तीन चमचे साखर तोंडात टाका. पुडी खिशात असली पाहिजे, घरी डब्यात असून उपयोग नाही. एकटे जात असाल तर घरी वाट सांगून जा. पायांत बूट किंवा मागे पट्टा असलेली सँडल हवी, स्लीपर नको. परत आल्यावर तळपाय पाहा. मधुमेह जुना असेल तर काटा मोडलेला कळत नाही.

छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखणे, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांतले काही झाले तर ‘एवढा चढ काढून मग थांबू’ म्हणू नका. ज्यांना आधी हृदयविकार झाला आहे किंवा ज्यांचा रक्तदाब आवाक्यात नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये.

पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून हे वेगळे सांगतो. ज्यांना सिकलसेलचा पूर्ण आजार आहे, त्यांनी दमछाक होईल इतकी सायकल चालवू नये. अंगातले पाणी कमी झाले, फार थंडी वाजली किंवा धाप लागली की दुखण्याचा झटका येऊ शकतो. हळू, थोडे अंतर, सोबत पाण्याची बाटली, आणि तेही डॉक्टरला विचारून. जे केवळ वाहक आहेत, त्यांना साध्या सायकलीची भीती नाही. मात्र उन्हात, तहानलेल्या अंगाने शर्यत लावू नये. आपण रुग्ण की वाहक हे माहीत नसेल तर सरकारी रुग्णालयात तपासणी होते, ती एकदा करून घ्या.

उन्हाबद्दल भंडारेकरांना काय शिकवायचे! तरी दर मे महिन्यात एखादा तरुण ‘मला काही होत नाही’ म्हणत निघतो आणि सलाईन लावायला माझ्याकडे येतो. एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत सकाळी आठच्या आत घरी.

पावसाळ्यात पाळीवरचा मुरूम चिकट होतो आणि गवत वाढते. गवतात घोणस आणि नाग असतात. ओल्या गवतात लोळणेही नको. झुडपांतल्या बारीक कीटकांमुळे ‘स्क्रब टायफस’ हा ताप येतो. २०१८ साली नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ आली होती. गवतात बसल्यानंतर आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी आणि अंगावर कुठेतरी विडीने डागल्यासारखा काळा चट्टा दिसला तर डॉक्टरला तो दाखवा आणि गवतात बसल्याचेही सांगा. डॉक्सिसायक्लीनने हा आजार आटोक्यात येतो, पण वेळेवर दिले तर.

जंगलाची हौस जपून. कोका, नागझिरा ही अभयारण्ये आहेत, तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही. अभयारण्याबाहेरच्या जंगलातही मोहफुलाच्या दिवसांत अस्वले पहाटे वाटेवर असतात. २०२२ साली लाखांदूर भागात वाघाने माणसे मारली, हे आपण विसरलेलो नाही. रानाकडची वाट उजाडल्यावर आणि दोघा-तिघांनी मिळून धरावी. पळसाची फुले दिवसाही दिसतात.

पाळीवर एक संकट मात्र जनावरांचे नाही. नहराच्या रस्त्याने रेतीचे टिप्पर जाऊ लागले आहेत. हा रस्ता त्यांच्यासाठी केलेला नाही. नहराचा काठ खचतो, मुरूम उखडतो आणि शेतावर जाणाऱ्या बाया धुऱ्यावर चढून जीव वाचवतात. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला पांदणीतून वाट हवीच, तिला कोणी अडवू नये. पण तलावाच्या पाळीवर तर जड वाहनाचे काहीच काम नाही, पाळ त्याने कमजोर होते. पाळीच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन दगड रोवले, मध्ये बैल जाईल एवढी फट ठेवली तरी पुरे. मामा तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत, नहर पाटबंधारे खात्याकडे. चार दगडांना फार मोठा निधी लागत नाही. ग्रामसभेत ठराव घ्या, डॉक्टरचे पत्र लागले तर मी देतो. साखर आणि रक्तदाब यांवर आपण दर महिन्याला औषधांत किती घालतो, ते ठरावाच्या खाली लिहा.

गुरुजी दहाव्या महिन्यात पुन्हा सायकलवर बसले. वहिनींचा विरोध होता, तो रास्तही होता. मी म्हणालो, ‘वहिनी, या खेपेला रस्ता मी दाखवतो.’ पहिले पंधरा दिवस त्यांच्या सोबत गेलो. महामार्ग कुठेही ओलांडावा लागत नाही, अशी वाट आम्ही दोघांनी मिळून काढली. त्यासाठी दीड किलोमीटरचा फेरा पडतो. आता गुरुजी शाळेतही पांदणीने जातात, पाऊस नसला म्हणजे. गेल्या तपासणीत त्यांची एचबीए१सी ७.१ होती. गोळी चालू आहे आणि ती चालूच राहील. सायकल आली म्हणून गोळी परस्पर बंद करणारे लोक मला भेटतात, त्यांनी तसे करू नये.

मागच्या महिन्यात एक अंगणवाडी सेविका सोबत येऊ लागल्या. त्यांच्या मुलीला शाळेतून सायकल मिळाली होती, मुलगी कॉलेजला नागपूरला गेली आणि सायकल ओसरीत पडून होती. गावातल्या रस्त्यावर त्यांना संकोच वाटायचा. “पारीवर कोन पायते जी,” असे म्हणून त्या पदर खोचून निघाल्या. त्या माझ्या पुढे असतात.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही चार-पाच जण तुडुमापाशी जमतो. कुणाला यायचे असेल तर यावे. सायकल कोणतीही चालेल, ब्रेक तेवढे लागत असले पाहिजेत. मोटारसायकल घरी ठेवून यावे.